विश्लेषण : ‘बाय’ दाबून घेतलेला ‘पॅडिंग्टन २’ खरेच आपल्या मालकीचा होतो का?

लहान मुलांना एकच चित्रपट पुन:पुन्हा पाहायचा असतो. त्यामुळे बोलक्या प्राण्यांचे चित्रपट आणि त्यांचे पुढचे भाग हा घरी पाहायच्या व्हिडिओच्या धंद्यातला नेहमीच हुकमी माल राहिला. कॅसेट गेली, व्हीसीडी गेली, डीव्हीडीही जवळपास गेली. आता मोबाइलच्या पडद्यावर ‘रेंट’ आणि ‘बाय’ अशी दोन बटणे उरली आहेत. पहिल्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. दुसऱ्याचा अर्थ मात्र बहुतेकांना वाटतो तो नाही. पेरूच्या जंगलातून लंडनला आलेल्या ‘पॅडिंग्टन’ या अस्वलाच्या चित्रपटांचा प्रवास पाहिला, की ही गोष्ट नीट उलगडते.

‘पॅडिंग्टन २’ची एवढी चर्चा का?

ब्रिटिश लेखक मायकेल बाँड यांनी १९५८ मध्ये पॅडिंग्टनचे पहिले पुस्तक लिहिले. डोक्यावर लाल टोपी, अंगात निळा कोट आणि संत्र्याच्या मार्मलेडचे वेड असलेले हे अस्वल ब्रिटनमध्ये तीन पिढ्यांच्या ओळखीचे आहे. २०१४ मध्ये त्यावर पहिला चित्रपट आला. दिग्दर्शक पॉल किंग, निर्माते ‘हॅरी पॉटर’वाले डेव्हिड हेमन, अस्वलाला आवाज बेन विशॉ यांचा. दुसरा भाग १० नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी जूनमध्ये बाँड यांचे निधन झाले होते. चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे.

पुढचे भाग सहसा पहिल्यापेक्षा उतरते निघतात. इथे उलटे झाले. समीक्षांची बेरीज करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’वर या चित्रपटाला दीर्घकाळ १०० टक्के अनुकूल परीक्षणे होती. २०२१ मध्ये एक ऐंशी वर्षे जुने प्रतिकूल परीक्षण सापडल्याने ‘सिटिझन केन’ त्या यादीतून घसरला आणि अस्वल वर राहिले, याच्या जगभर बातम्या झाल्या. काही आठवड्यांतच अस्वलालाही एक नाराज समीक्षक भेटला, तो भाग वेगळा. ‘बाफ्टा’ची तीन नामांकने मिळाली. खलनायकाच्या भूमिकेतल्या ह्यू ग्रँटचे कौतुक झाले. २०२२ मध्ये निकोलस केजच्या एका चित्रपटात तर ‘पॅडिंग्टन २’ पाहून दोन धट्टेकट्टे पुरुष रडतात असा प्रसंगच घातला गेला.

अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मात्र या चित्रपटाने सुमारे ४ कोटी डॉलरच कमावले. जगभरची कमाई २२ कोटी डॉलरच्या पुढे गेली, पण तिकडचा बहुसंख्य प्रेक्षक त्याला भेटला तो नंतर, घरातल्या पडद्यावर. म्हणूनच ‘घरी पाहणे’ म्हणजे आता नेमके काय, हे तपासायला हा चित्रपट योग्य ठरतो.

एकाच अस्वलाचे तीन वितरक कसे?

या चित्रपटांमागे ‘स्टुडिओकॅनॉल’ ही फ्रान्सच्या कॅनॉल प्लस समूहातली कंपनी आहे. २०१६ मध्ये तिने पॅडिंग्टन या नावाचे व्यावसायिक हक्कही विकत घेतले. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी अशा बाजारांत ती स्वत:च चित्रपट वितरित करते. उरलेल्या जगात हक्क देशानुसार, मुदतीनुसार आणि माध्यमानुसार विकले जातात. चित्रपटगृहाचे हक्क वेगळे, डिस्कचे वेगळे, भाड्याने देण्याचे वेगळे, मासिक वर्गणीच्या ॲपचे वेगळे. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर जशी कुळे, हिस्सेदार आणि बोजे चढत जातात, तसा हा प्रकार असतो.

अमेरिकेत पहिल्या भागाचे वितरण ‘द वाइन्स्टीन कंपनी’कडे होते. दुसराही तिच्याकडेच जायचा होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये हार्वी वाइन्स्टीन यांच्यावरील लैंगिक अत्याचाराचे आरोप उघड झाले. लहान मुलांचा चित्रपट त्या नावाने प्रदर्शित होणे कुणालाच परवडणारे नव्हते. नोव्हेंबरमध्ये ‘वॉर्नर ब्रदर्स’ने उत्तर अमेरिकेचे हक्क घेतले आणि १२ जानेवारी २०१८ रोजी चित्रपट तिकडे लागला. वाइन्स्टीन कंपनीने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा चित्रपटसंग्रह दुसऱ्या गुंतवणूकदार कंपनीकडे गेला. तिसरा भाग ‘पॅडिंग्टन इन पेरू’ ८ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्रिटनमध्ये आला. अमेरिकेत तो १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘सोनी’ने आणला.

म्हणजे तीन चित्रपट, अस्वल एक, आवाज एक आणि अमेरिकेतले वितरक तीन. पहिला भाग एका ॲपवर, दुसरा दुसऱ्यावर आणि तिसरा फक्त भाड्याने, असा अनुभव अनेक मालिकांच्या बाबतीत येतो, त्याचे मूळ इथे आहे. ॲप बिघडलेले नसते, हक्कांच्या वाटण्या तशा झालेल्या असतात.

‘बाय’ दाबल्यावर नेमके काय मिळते?

थोडक्यात सांगायचे तर एक परवाना. पण तो चालतो कसा हे समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

‘बाय’ दाबल्यावर चित्रपट कंपनीच्या सर्व्हरवरच राहतो. खातेदाराच्या नावापुढे ‘याला हा चित्रपट पाहण्याची परवानगी आहे’ अशी एक नोंद होते. प्रत्यक्ष चित्रपटाची फाइल कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद स्वरूपात फोनवर येते. ती उघडण्याची किल्ली वेगळ्या सर्व्हरकडून मागावी लागते. प्ले दाबले की फोन विचारतो : हे खाते, हे उपकरण, हा देश, चालेल का? सर्व्हरने हो म्हटले तरच किल्ली मिळते. ही सगळी देवाणघेवाण एक-दोन सेकंदांत होते, म्हणून लक्षात येत नाही.

अँड्रॉइड फोनवर हे काम बहुतांशी गुगलच्या ‘वाइडव्हाइन’ या प्रणालीमार्फत चालते. तिच्यात सुरक्षेचे स्तर आहेत. ‘एल१’ स्तराच्या फोनमध्ये कुलूप उघडण्याचे काम प्रोसेसरच्या बंदिस्त भागात होते. ‘एल३’मध्ये ते साध्या सॉफ्टवेअरवर होते. त्यामुळे अनेक ॲप ‘एल३’ फोनला एचडी दर्जा देतच नाहीत. पैसे एचडीचे भरले आणि चित्र धूसर दिसते, या तक्रारीमागे नेट हळू असणे हेच कारण असेल असे नाही. घेतलेल्या वस्तूचा दर्जाही आपल्या उपकरणावर किती विश्वास ठेवायचा, हे समोरचा ठरवतो.

‘डाउनलोड करून ठेवले की झाले’ हाही गैरसमज आहे. ॲपच्या आत डाउनलोड केलेली फाइल कुलूपबंदच असते आणि तिच्या किल्लीला मुदत असते. फोन बराच काळ नेटला जोडला नाही तर किल्ली निकामी होते. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या टीव्हीवर लावता येत नाही. भाड्याच्या चित्रपटाला साधारणपणे सुरू करायला ३० दिवस आणि सुरू केल्यावर संपवायला ४८ तास मिळतात. तंत्राच्या नजरेने पाहिले तर ‘बाय’ म्हणजे याच भाड्याच्या नोंदीतला मुदतीचा रकाना रिकामा सोडणे. व्यवस्था तीच, कुलूप तेच.

आणि रिकामा रकाना नंतर भरता येतो.

असे खरेच कधी घडले आहे का?

घडले आहे, आणि त्यात स्टुडिओकॅनॉलचेच चित्रपट होते. सोनीने प्लेस्टेशनच्या दुकानातून चित्रपट आणि मालिका विकणे ऑगस्ट २०२१ मध्ये थांबवले. जुन्या ग्राहकांना त्यांनी घेतलेले पाहता येत राहील, असे तेव्हा सांगितले गेले. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातील ग्राहकांना सूचना मिळाली, की परवाना करारांतील बदलांमुळे ३१ ऑगस्ट २०२२ पासून स्टुडिओकॅनॉलचे विकत घेतलेले चित्रपट त्यांच्या संग्रहातून जातील. जर्मनीतली यादी ३०० हून अधिक नावांची होती, ऑस्ट्रियातली १०० हून अधिक.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच झाले. ‘डिस्कव्हरी’च्या मालिकांचे तेराशेहून अधिक सीझन ३१ डिसेंबरपासून काढले जातील, असे प्लेस्टेशनने जाहीर केले. या वेळी ओरड मोठी झाली. आठवडाभर आधी निर्णय फिरला आणि किमान ३० महिने हे कार्यक्रम दिसत राहतील असे सांगण्यात आले. त्या ३० महिन्यांचा हिशेब २०२६ च्या मध्यावर येऊन थांबतो. विकत घेतलेल्या वस्तूला ‘किमान ३० महिने’ अशी मुदतवाढ मिळते, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पुस्तकांच्या दुनियेत हे आधीच होऊन गेले होते. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. विक्रेत्याकडे हक्कच नव्हते, हे कारण होते. पैसे परत मिळाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही पुस्तके गेली आणि पैसे परत आले.

अर्थात दुसरी बाजूही सांगायला हवी. दुकान बंद झाले म्हणून खरेदी बुडालीच असे नाही. गुगलने ‘प्ले मूव्हीज’ गुंडाळले तेव्हा ग्राहकांची खरेदी यूट्यूब आणि गुगल टीव्हीवर हलवली. अनेकदा चित्रपट नव्याने विकणे थांबते, पण ज्यांनी आधी घेतला त्यांना तो दिसत राहतो. एखादा विशिष्ट चित्रपट हातचा जाण्याची शक्यता रोजच्या रोज मोठी नाही. प्रश्न शक्यतेपेक्षा अधिकाराचा आहे : तो ठेवायचा की काढायचा हे ग्राहक ठरवत नाही.

कॅसेटच्या काळात असे नव्हते?

त्या काळातही कंपन्या काही धर्मादाय काम करत नव्हत्या. डिस्नेने १९९४ मध्ये ‘द रिटर्न ऑफ जाफर’ आणि १९९८ मध्ये ‘द लायन किंग २’ थेट कॅसेटवर आणले. चित्रपटगृहाचा खर्च नाही, पहिल्या भागाची ओळख तयार आणि गिऱ्हाईक म्हणजे हट्ट करणारे मूल. बोलके पोपट, सिंह, कुत्र्याची पिल्ले यांच्या अशा पुढच्या भागांची मग रांगच लागली. दर्जा बहुतेकांचा बेताचा होता. शिवाय डिस्ने आपले गाजलेले चित्रपट काही महिने विकून पुन्हा बाजारातून काढून घेई आणि काही वर्षांनी नव्या वेष्टनात आणे.

पण माल दुकानातून गेला तरी घरातल्या कपाटातून जात नसे. हा फरक छोटा नाही.

मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांची वाचनालय-सेवा म्हणून सुरू झालेल्या ‘शेमारू’ने १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणे सुरू केले. पुढे गल्लोगल्ली सीडी लायब्रऱ्या झाल्या. २००७ च्या सुमारास ‘मोझर बेअर’ने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा भाड्याच्या हिशेबात चित्रपट विकत मिळू लागला. त्या डिस्क आजही कित्येक घरांत टीव्हीखालच्या खणात पडून आहेत. त्या लावायला यंत्र नाही, हे दुखणे वेगळे. पण त्या लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

अगदी बिनअटीचे मात्र डिस्कचेही नव्हते. डीव्हीडीला प्रदेशाचे कुलूप असते. अमेरिका प्रदेश १, ब्रिटन २, भारत ५. ब्लू-रेमध्ये जगाची वाटणी ए, बी आणि सी अशी आहे. अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. न्यू जर्सीच्या मावशीने नातवंडांसाठी हौसेने आणलेली डिस्क पुण्यातल्या यंत्रात ‘चुकीचा प्रदेश’ म्हणत बाहेर येते, ती याच कारणाने.

‘पॅडिंग्टन २’चे कथानकच या सगळ्याशी अजब जुळते. आत्या लुसीच्या शंभराव्या वाढदिवसाला अस्वलाला एक जुने, उघडले की चित्रे उभी राहणारे लंडनचे पुस्तक भेट द्यायचे असते. त्यासाठी ते खिडक्या पुसून पैसे जमवते. पुस्तक चोरीला जाते, आळ अस्वलावर येतो आणि ते तुरुंगात जाते. पैसे जमवून घ्यावी, कुणाला द्यावी, चोरीलाही जावी, अशी एक प्रत असते म्हणून ही गोष्ट घडते. परवान्यावर ती रचता आली नसती.

डिस्क संपल्या म्हणायच्या का?

मोठ्या दुकानांतून तरी तसे दिसते. नेटफ्लिक्सने ज्या धंद्यातून सुरुवात केली, ती टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद केली. ५०० कोटींहून अधिक डिस्क तोवर पाठवून झाल्या होत्या. २०२३ मध्येच डिस्नेने ऑस्ट्रेलियात डिस्क विकणे थांबवले. २०२४ मध्ये अमेरिकेतील ‘बेस्ट बाय’ या साखळीने चित्रपटांच्या डिस्क काढून टाकल्या आणि रस्त्याकडेच्या यंत्रातून डीव्हीडी भाड्याने देणारी ‘रेडबॉक्स’ दिवाळखोरीत गेली. ब्लू-रे यंत्रे बनवणे सॅमसंगने आधीच सोडले होते, नंतर एलजीनेही सोडले. आपल्याकडे नव्या लॅपटॉपला डिस्कची खाच शोधून सापडत नाही.

मग मासिक वर्गणीचे ॲप बरे नाही का?

वर्गणीत निदान फसगत नाही. पैसे थांबले की पाहणे थांबले, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. पण मुलाचा आवडता चित्रपट तिथे पुढच्या महिन्यात असेल की नाही, हे सांगता येत नाही. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर ‘डिस्ने प्लस हॉटस्टार’वरून गेल्या, नंतर ‘जिओसिनेमा’वर आल्या आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी दोन्ही ॲप मिळून ‘जिओहॉटस्टार’ झाले. म्हणजे फिरून पुन्हा जवळपास तिथेच. योगायोगाने अमेरिकेत ‘पॅडिंग्टन इन पेरू’ लागला तो हाच दिवस.

स्वत:च बनवलेले चित्रपटही कंपन्या काढून टाकतात. डिस्नेने ‘क्रेटर’ हा मुलांचा चित्रपट मे २०२३ मध्ये आपल्या ॲपवर आणला आणि दोन महिनेही पूर्ण व्हायच्या आत हटवला. ताळेबंदातले त्याचे मूल्य खाली आणून खर्च दाखवणे कंपनीला अधिक सोयीचे वाटले. पुढे तो विकत आणि भाड्याने घेण्यासाठी परतला, पण वर्गणी भरणाऱ्यांच्या हातून गेला तो गेलाच.

कायदा काय म्हणतो?

या प्रश्नावर सर्वात थेट पाऊल कॅलिफोर्नियाने उचलले. गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सही केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. चित्रपट, गाणी, ई-पुस्तके किंवा गेम परवान्यावर देणाऱ्याने ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ हे शब्द वापरायचे असतील, तर हा परवाना आहे हे ग्राहकाला व्यवहारापूर्वी ठळकपणे सांगावे लागते किंवा त्याची तशी स्पष्ट संमती घ्यावी लागते. नुसत्या लांबलचक अटींमध्ये ते दडवून भागत नाही. सर्व्हर बंद पडल्याने पैसे भरून घेतलेला एक रेसिंग गेम २०२४ मध्ये खेळता येईनासा झाला होता. कायद्याला गती त्या संतापातून मिळाली. वर्गणीच्या सेवा आणि कायमस्वरूपी ऑफलाइन ठेवता येणारी डाउनलोड यांना त्यातून सूट आहे.

कायद्याची मर्यादाही लक्षात घ्यावी. तो चित्रपट काढून घ्यायला मनाई करत नाही. काढून घेतला जाऊ शकतो हे आधी सांगा, एवढेच म्हणतो.

भारतात या बटणासाठी अशी खास तरतूद नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा यांना मनाई करतो. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या पडदा-रचनांची यादी आहे. परवान्याला ‘खरेदी’ म्हणणे हा प्रकार त्या यादीत नावाने नाही. एखाद्या ग्राहकाने दिशाभुलीच्या मुद्द्यावर दाद मागितली तर वाद घालण्याजोगा मुद्दा नक्की आहे.

कॉपीराइट कायद्याची बाजू आणखी गमतीची आहे. पुस्तक विकत घेतले की ते रद्दीत, जुन्या बाजारात, मित्राला, कुणालाही विकता येते. चित्रपटाच्या बाबतीत १९५७ च्या कायद्यातील कलम १४ मध्ये आधी असे शब्द होते, की प्रत पूर्वी विकली गेलेली असो वा नसो, ती विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहतो. परदेशातून आणलेल्या अस्सल डीव्हीडी दिल्लीत भाड्याने देणाऱ्या एका दुकानाविरुद्ध वॉर्नर ब्रदर्स न्यायालयात गेली, तेव्हा २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवत कंपनीच्या बाजूने निकाल दिला. २०१२ च्या दुरुस्तीत ते शब्द वगळले गेले. त्यामुळे विकलेल्या डिस्कवरचा निर्मात्याचा हक्क पहिल्या विक्रीपाशी संपतो, या मांडणीला बळ मिळाले. म्हणजे डिस्कच्या ग्राहकाची बाजू भक्कम व्हायला लागली ती नेमकी डिस्क बाजारातून जाऊ लागली तेव्हा.

त्याच दुरुस्तीत कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

घरात याचा फटका कुठे बसतो?

बहुतेक घरांत मुलांचे सगळे चित्रपट एकाच पालकाच्या खात्यावर घेतलेले असतात. परवाना सहसा हस्तांतरणीय नसतो. खातेदाराचा मृत्यू झाला, खाते गोठले किंवा घटस्फोटानंतर मुले दुसऱ्या पालकाकडे राहिली, तर तो संग्रह कायद्याने कुणाकडे जात नाही. आजोबांच्या कपाटातली पुस्तके वारसाहक्काने येतात. त्यांच्या खात्यातले चित्रपट येत नाहीत.

देश बदलणाऱ्यांचे हाल वेगळे. नोकरीसाठी पुण्याहून जर्मनी किंवा अमेरिकेला जाणाऱ्या कुटुंबांना खात्याचा देश बदलावा लागतो, आणि चित्रपटांची दुकाने देशानुसार वेगळी असतात. इकडे घेतलेला चित्रपट तिकडच्या दुकानात नसेल तर तो पुन्हा डाउनलोड होईलच असे नाही. ॲपलच्या ‘फॅमिली शेअरिंग’मध्ये सहा जणांपर्यंत खरेदी वाटून घेता येते, पण सगळ्यांचे खाते एकाच देशाचे हवे. साताऱ्यातले आजी-आजोबा आणि शिकागोतली नात यांना एकच ‘पॅडिंग्टन’ वाटून घेता येत नाही.

मग घ्यायचे काय?

एखादा चित्रपट एकदाच पाहायचा असेल तर भाडेच स्वस्त आणि सरळ. लहान मुलाला तोच तो पाहायचा असेल तर ४८ तासांचे भाडे परवडत नाही, ‘बाय’ सोयीचे ठरते. पण ते लांब मुदतीचे भाडे आहे असे समजूनच पैसे ठरवावेत. डिस्कच्या किमतीइतके मागत असतील तर थांबावे. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात : दुकान फक्त चित्रपट विकण्यावर जगते की तो त्याचा जोडधंदा आहे, आणि घरातल्या फोनचा वाइडव्हाइन स्तर ‘एल१’ आहे की ‘एल३’. हा स्तर दाखवणारी मोफत ॲप प्ले स्टोअरवर आहेत. स्तर ‘एल३’ असेल तर एचडीचे जास्तीचे पैसे भरू नयेत.

पुन्हा पुन्हा पाहिले जाणारे, जपून ठेवावेसे वाटणारे चार-पाच चित्रपट असतील तर त्यांच्या डिस्क अजूनही मिळतात, बहुधा परदेशातून मागवाव्या लागतात. ‘पॅडिंग्टन २’ची ब्रिटिश डीव्हीडी मागवताना वेष्टनाच्या मागे प्रदेशाचा आकडा पाहावा. २ असेल तर सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारे यंत्र लागेल. ब्लू-रे असेल तर बी हे अक्षर शोधावे. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना प्रदेशाचे बंधन नसते, मात्र त्यांचे यंत्र महाग पडते. आणि मागवण्याआधी टीव्हीखालच्या खणातले जुने यंत्र एकदा सुरू होते का, ते बघून घ्यावे.